अपेक्षांचा रकाना

नमस्कार, श्रोतेहो.

गेल्या महिन्यात मी एका वधू-वर सूचक मंडळात नाव नोंदवायला गेले होते. माझं स्वतःचं नाव. वय ४८. समोरच्या बाईंनी छापील अर्ज पुढे ओढला आणि भरायला घेतला. जन्मतारीख, रास, शिक्षण, नोकरी. वैवाहिक स्थितीपाशी आल्यावर मान वर न करताच त्यांनी विचारलं, "निर्दोष घटस्फोटित लिहू ना?"

हा शब्द तुम्ही रविवारच्या छोट्या जाहिरातींत वाचला असेल. "निर्दोष घटस्फोटिता, विनापाश, ३६." संसार मोडलेल्या बाईने आधी आपण निर्दोष सुटलोय हे सांगायचं, मग पुढचं बोलायचं. पुरुषांच्या जाहिरातींतही हा शब्द असतो, पण त्यांच्याकडे त्याचा खुलासा मागताना मी कुणाला पाहिलेलं नाही. आणि विनापाश म्हणजे मूल नसलेली. मला मुलगी आहे. ती सहा वर्षांची होती तेव्हापासून आम्ही दोघीच आहोत. तिला मी पाश कशी म्हणू? मी त्या बाईंना सांगितलं, "नुसतं घटस्फोटित लिहा. आणि मुलगी आहे, तीही लिहा."

शेवटचा रकाना होता अपेक्षांचा. त्याला एकच ओळ. बाई म्हणाल्या, "काय लिहू? निर्व्यसनी, समजूतदार?"

मैत्रिणींनो, मला आज तुमच्याशी त्या एका ओळीबद्दल बोलायचं आहे.

माझ्या घटस्फोटाचा निकाल २०१२ साली लागला. परस्परसंमतीने अर्ज केला की तेव्हा सहा महिने थांबावंच लागायचं. पुढे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की योग्य प्रकरणात ही मुदत माफ करता येईल. मला ते सहा महिने काढावे लागले, आणि खरं सांगते, ते संपल्यावरही माझं काही संपलं नव्हतं. माझ्या विम्याच्या पॉलिसीवर वारस म्हणून पहिल्या नवऱ्याचंच नाव होतं. ते बदलायचा अर्ज मी आणला, भरला, सही केली आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिला. चार वर्षं तो तिथेच होता. दर दिवाळीला कपाट आवरताना हाताला लागायचा आणि मी परत घडीखाली सरकवायची. ज्या दिवशी तो नेऊन दिला, त्या दिवशी बसथांब्यावर मला रडू आलं. त्यानंतरच कधीतरी, हळूहळू, माझं माणूस असावं असं पुन्हा वाटायला लागलं. म्हणून, ज्यांचा अर्ज अजून साड्यांखाली आहे, त्यांना मी घाई करा असं मुळीच म्हणणार नाही. वय निघून चाललंय हे घरचे सांगतातच.

पण जेव्हा वाटायला लागतं, तेव्हा आपल्याला काय मागायची परवानगी असते? लोकांच्या तोंडचे शब्द ऐका. सोबत हवी. आधार हवा. म्हातारपणी कुणीतरी पाणी द्यायला हवं. माझी सख्खी मावशी मायेनेच म्हणाली, "अगं, आता या वयात प्रेमबिम काय घेऊन बसलीस, चांगला आधार बघ."

आधार? घराचा हप्ता मी भरते. मुलीची फी मी भरली. टाकीवर चढून पाण्याचा फ्लोट मी बदलते. आधाराचं काम माझं मी केलं आहे, आणि असं करणाऱ्या हजारो जणी आत्ता हे ऐकत असतील. मग आम्ही कुणाचा हात धरायचाच, तर कशासाठी धरायचा? प्रेमासाठीच ना? दुसरं कारण उरलंच कुठे? पहिल्या लग्नाच्या वेळी घर, नोकरी, गोत्र, पत्रिका, सगळं बघितलं होतं. आता त्यातलं काहीच बघायची गरज नाही, तर नेमकी प्रेमाचीच गोष्ट काढायची नाही, हे मला पटत नाही.

बाईचं दुसरं लग्न आपल्याकडे नवं नाही. अनेक जातींत पाट लावायची रीत जुनी, कुठे त्याला म्होतूर म्हणत. विधवेला, काडीमोड झालेलीला पुन्हा संसार मांडता यायचा. पण पाट बहुतेक रात्री लागायचा, गाजावाजा न करता. ज्या जातींत तेवढीही वाट नव्हती, तिथे विधवाविवाहाचा १८५६ चा कायदा झाल्यावरही फारसं हललं नाही. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई लहानपणीच विधवा झालेल्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. लग्नानंतर दोघं मुरुडला गेली, तर गावाने वाळीत टाकलं. त्याच पुढे सगळ्यांच्या बाया कर्वे झाल्या.

सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. आज सहसा वाळीत कुणी टाकत नाही. फक्त म्हणतात, साध्या पद्धतीने करू, घरच्या घरी, दहा माणसांत. तुम्हालाच साधं हवं असेल तर जरूर करा. पण ते कुणी ठरवलं, एवढं विचारा. मला तर वाटतं, पाट अजून रात्रीच लागतो आहे.

माझ्या एका मैत्रिणीने साताऱ्याला एक्कावन्नाव्या वर्षी लग्न केलं. सकाळी, सनई लावून. तिच्या दोन्ही लेकींनी अंतरपाट धरला होता. भावाने नाक मुरडलं, पण जेवायला पहिल्या पंगतीत बसला. तिचा नवरा शाळेत शिपाई होता, आता निवृत्त झालाय. ती कामावरून येते तेव्हा तो फाटकाशी उभा असतो. रोज.

एक गोष्ट मात्र काळजीने सांगते. आपली आशा ओळखून फसवणारे लोक आहेत. लग्न जुळवणाऱ्या संकेतस्थळावर ओळख होते, परदेशात इंजिनिअर असल्याचं सांगतात, महिनाभर फार गोड बोलतात, आणि मग तुमच्यासाठी पाठवलेली भेट विमानतळावर कस्टमने अडवली म्हणून पैसे मागतात. न भेटलेल्या माणसाला एक रुपयाही पाठवू नका. पाठवला असेल तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. प्रेमावर विश्वास ठेवणं हा तुमचा गुन्हा नाही. गुन्हा त्याने केला आहे. आणि समोर बसलेला माणूस कितीही चांगला वाटला, तरी त्याच्या घटस्फोटाच्या निकालाची प्रत बघायला मागा. खरा असेल तो रागावणार नाही.

तर, त्या अर्जाकडे येते. एक ओळ मला पुरेना. शाळेत पेपर लिहिताना मागायचो तशी मी पुरवणी मागितली. बाईंनी एक कोरा कागद दिला. मी लिहिलं: मनापासून हसणारा. माझ्या मुलीला तिच्या नावाने हाक मारणारा. माझं बोलणं मध्येच न तोडणारा. भांडण झालं तरी जेवायला बोलावणारा. माझ्यावर प्रेम करणारा, आणि ते चारचौघांत सांगायला न लाजणारा.

बाईंनी कागद हातात घेतला, दोनदा वाचला. म्हणाल्या, "संगणकावर एवढं बसत नाही हो." मग त्यांनीच टेबलाचा खण उघडला, टाचणी काढली आणि तो कागद माझ्या अर्जाला जोडला.