बारा दिवसांतले दोन कायदे

(दृश्य: पॅरिस, जुनी छायाचित्रं)

जून १८८१. फ्रान्सचे पंतप्रधान आहेत ज्यूल फेरी. १६ तारखेला सरकारी प्राथमिक शाळांची फी माफ होते. शेतकऱ्या-मजुरांच्या पोरांना शाळेचं दार उघडतं. तिथल्या कितीतरी शाळांना आजही फेरींचं नाव आहे, आणि ते रास्तच आहे.

२८ तारखेला आणखी एक कायदा होतो. हा फ्रान्सच्या ताब्यातल्या अल्जीरियासाठी, आणि तिथल्याही फक्त मुसलमान रयतेसाठी. परवान्याशिवाय इलाखा सोडला, कर थकवला, साहेबाला उलट बोललं, तर १५ फ्रँकपर्यंत दंड, नाहीतर ५ दिवसांपर्यंत कैद. कोर्टाची पायरी चढायची गरजच नाही. शिक्षा प्रशासक स्वतःच सुनावणार. उलट बोलणं कशाला म्हणायचं, हेही अर्थात तोच ठरवणार.

(दृश्य: फ्रेंच प्रतिनिधिगृह)

एकाच सरकारचे हे दोन कायदे. त्यांचा मेळ फेरींनी २८ जुलै १८८५ला भर सभागृहात घालून दाखवला. व्हिएतनाममधल्या युद्धापायी पंतप्रधानपद गेलं होतं, पण आवाज तोच. मालाला बाजारपेठ हवी, आरमाराला बंदरं हवीत, म्हणून वसाहती हव्यात, हे त्यांनी लपवलं नाही. पुढे मात्र म्हणाले: वरिष्ठ वंशांना कनिष्ठ वंशांवर हक्क आहे, कारण कनिष्ठांना सुसंस्कृत करणं हे वरिष्ठांचं कर्तव्य आहे.

दोनच दिवसांनी फेरींचे विरोधक, प्रतिनिधी क्लेमॅन्सो उभे राहिले. जर्मनांशी झालेल्या १८७०च्या युद्धात फ्रान्स हरणारच होता, कारण फ्रेंच हा कनिष्ठ वंश, असं जर्मन पंडित शास्त्राच्या नावाखाली सांगत होते. ते ऐकल्यापासून असली भाषा वापरताना मी दहादा विचार करतो, असा त्यांचा टोला होता. तेव्हा ‘तो काळच तसा होता’ ही सबब इथे चालणार नाही.

अल्जीरियाच्या त्या कायद्याची मुदत सात वर्षांची होती, पण ती वाढत राहिली. १८८७मध्ये तीच पद्धत सेनेगलमध्ये गेली. पश्चिम आफ्रिकेतून ती हटायला १९४६ उजाडलं.

(दृश्य: अल्जीरियातलं एक खेडं)

आणि शाळा? १८९२मध्ये सिनेटच्या चौकशीसाठी फेरी स्वतः अल्जीरियात फिरले. अरबांनाही हक्क असतात, हे इथल्या गोऱ्या वसाहतवाल्यांच्या गळी उतरत नाही, असं त्यांनी अहवालात लिहिलं. पुढच्या वर्षी ते वारले. १९०८मध्ये अल्जीअर्समध्ये याच वसाहतवाल्यांची परिषद भरली. तिची एक मागणी होती: देशी मुलांचं प्राथमिक शिक्षण बंद करा.