पाळणाघराची तपासणी: सांगू नका, करून दाखवा

(दृश्य: बैठकीची खोली. जमिनीवर ठोकळे, भिंतीवर परवाना.)

परवान्यावर मुलांची कमाल संख्या लिहिलेली आहे. निरीक्षक बाई आधी ती वाचतात, मग घरातली मुलं मोजतात. इथवर सगळं ठीक.

घरात चालणाऱ्या पाळणाघराची खरी गोम अशी, की संध्याकाळी ते पुन्हा घर होतं. उशाशी गोळ्यांची पाकिटं येतात, न्हाणीघरात बादली भरून ठेवली जाते. यात कुणाचं काही चुकत नाही. फक्त सकाळी पहिलं मूल यायच्या आत हे सगळं आवरलेलं असावं लागतं, रोज.

(दृश्य: बाई गालिच्यावर गुडघे टेकून बसतात.)

रांगणाऱ्या मुलाला जे दिसतं, ते उभ्या माणसाला दिसत नाही. टेबलाखालून बाई एक रिमोट काढतात आणि मागचं झाकण अंगठ्याने ढकलून पाहतात. आत चपटा, गोल सेल आहे. असा सेल अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून गंभीर भाजल्यासारखी जखम करू शकतो. मूल नुसती लाळ गाळतं, खायला नको म्हणतं. बघणाऱ्याला वाटतं, पोट बिघडलं असेल. या रिमोटचं झाकण स्क्रूने घट्ट बसवलेलं आहे. पुस्तकांचं कपाट बाई ओढून पाहतात. भिंतीला पक्कं आहे, हलत नाही.

(दृश्य: झोपायची खोली. पाळणा.)

इथे बाई सगळ्यात जास्त वेळ थांबतात. गादी टणक हवी, चादर ताणून बसवलेली हवी. पाळण्याच्या गजांमधलं अंतर ६ सेंटीमीटरच्या आत हवं, नाहीतर बाळाचं अंग त्यातून घसरतं आणि डोकं अडकतं. वर्षाच्या आतलं बाळ दर वेळी पाठीवरच झोपवायचं. उशी, पांघरूण, मऊ खेळणं यातलं काहीच पाळण्यात नको.

एका बाळाच्या आईने मऊ दुलई पाठवली होती. ती घडी करून बाळाच्या पिशवीत ठेवलेली दिसते. कुणी मायेने दिलेली वस्तू परत करणं जिवावर येतं, पण तोंडावर आलेलं पांघरूण बाजूला सारणं तीन महिन्यांच्या बाळाला जमत नाही. पाळणाघर चालवणाऱ्या ताईंनी इथे भीड धरली नाही, हे फार बरं केलं.

(दृश्य: नळाखाली थर्मामीटर.)

आकडा चढत जातो आणि ५४ अंशांवर थांबतो. ६० अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडीसुद्धा पाचेक सेकंदांत खोलवर भाजते. ४९ अंशांना तेवढं भाजायला काही मिनिटं लागतात. मुलांची कातडी त्याहून नाजूक असते. बाई नोंद करतात. ताई लगेच जाऊन हीटरची खूण खाली आणतात.

लसीकरणाच्या नोंदी, अ‍ॅलर्जीची यादी, औषध देण्यासाठी पालकांची लेखी परवानगी, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र, सगळं फायलीत आहे.

(दृश्य: धुराचा अलार्म वाजतो. दोन मुलं कानांवर हात ठेवतात.)

"आत्ता स्वयंपाकघरात आग लागली तर मुलांना कसं बाहेर काढाल?" बाई विचारतात.

"मागच्या दाराने. सगळ्यात लहान माझ्या कडेवर, बाकीची..."

"सांगू नका ताई, करून दाखवा."

ताई बाळाला कडेवर घेतात, मुलं एकमेकांचे हात धरून मागे निघतात. रांग छान जमलेली आहे, सराव झालेला दिसतो. दाराशी येऊन सगळे थांबतात. दाराला आतून कुलूप आहे आणि किल्ली स्वयंपाकघरातल्या हुकाला.

आमच्या मते साऱ्या तपासणीत या दोन मिनिटांचं मोल सर्वांत जास्त. कुलपाची ही त्रुटी कुठल्याच फायलीत सापडली नसती.

अहवालात दोन त्रुटी लिहिल्या जातात: पाणी आणि कुलूप. दुरुस्तीची मुदत आणि फेरतपासणीचा दिवसही ठरतो. किल्लीशिवाय आतून उघडेल अशी कडी बसवायची आहे.

असे अहवाल अनेक ठिकाणी पालकांना वाचायला मिळतात. मुलाचं नाव घालण्याआधी तो जरूर मागावा. त्यात त्रुटी दिसली म्हणून लगेच पाठ फिरवू नये. मागच्या दारापर्यंत जावं आणि ते आता कसं उघडतं, हे दाखवायला सांगावं.