हावडा लोकलमधला ‘हॉट’

(हावडा स्थानक. बंडेल लोकल सुटते. गळ्यात पत्र्याची पेटी अडकवलेला झालमुडीवाला गर्दीतून वाट काढतो.)

डब्यात आधी त्याचा आवाज शिरतो, मग तो.

त्याचे हात बघा. मूठभर मुडी, म्हणजे आपले कुरमुरे. त्यावर चिरलेला कांदा, उकडलेला बटाटा, भिजवलेले चणे, शेंगदाणे, मोहरीच्या कच्च्या तेलाची धार. हिरव्या मिरचीकडे हात जातो आणि थांबतो. आधी प्रश्न येतो: “झाल कॉम, ना बेशि?”

तिखट कमी, की जास्त?

(पेटीत चमचा गरगर फिरतो. कागदी ठोंगा भरतो.)

इंग्रजीला या जागी एकच विशेषण पुरतं: हॉट. चहा हॉट, दुपार हॉट, रस्साही हॉट. इंग्रजी-बंगाली कोशात या शब्दापुढे गॉरोम, तॉप्तो, उष्णो अशी रांग लागते आणि झालही त्याच रांगेत उभा असतो. त्यातला कोणता कुठे वापरायचा, हे नवशिक्याला रांग बघून कळत नाही. समोरच्या माणसाच्या हातातलं मिरचीचं भांडं बघून मात्र लगेच कळतं.

(लिलुआ, बेलूर, बाली. फलाटावर चहा. मातीचा पेला, वर वाफ.)

या मातीच्या पेल्याला इथे ‘भाँड़’ म्हणतात. आपलं भांडंच ते. आत ‘गॉरोम चा’. ‘चाटा गॉरोम’ म्हटलं की वाक्य पुरं झालं. बंगालीला इथे ‘आहे’ लागत नाही. आणि मराठी माणसाला मोठा दिलासा असा की बंगाली विशेषण लिंग बघत नाही. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं घर अशी आपली तारांबळ तिथे होत नाही. ‘भालो छेले, भालो मेये, भालो बाडि’. एकच ‘भालो’ सगळीकडे.

हा गॉरोम फार हिंडतो. उन्हाळ्याची सुट्टी ‘गॉरोमेर छुटि’. थंडीत घालायचे लोकरी कपडे ‘गॉरोम जामा’. डोकं तापलं की ‘माथा गॉरोम’, आपल्यासारखंच. आणि ‘गा गॉरोम’ म्हणजे अंगाला हात लावल्यावर ऊन लागणं, घरातल्या बाईनं थर्मामीटरच्या आधी ओळखलेली बारीक कणकण. वीरभूममध्ये बक्रेश्वरचे झरे आहेत. त्यांच्यासाठी लिहिताना मात्र ‘उष्णो’ येतो. तो पुस्तकातला, सभेतला शब्द. मनापासून केलेल्या स्वागतालाही तोच लागतो. चहाला कुणी उष्णो म्हणणार नाही.

(कढईत मोहरीचं वाटण. माशाचे तुकडे सोडले जातात. जवळून.)

आता झाल. हा नुसता विशेषण राहिलेला नाही. मोहरी आणि मिरचीच्या या रश्शाचं नावच ‘माछेर झाल’. मनातला राग दुसऱ्यावर काढणं म्हणजे ‘झाल झाडा’. आणि हे ऐका, कारण याच एका वाक्यासाठी आम्ही इथवर आलो. घास घेतल्यावर बंगाली माणूस म्हणतो, ‘झाल लागछे’. तिखट लागतंय. तोच ‘लागणे’, तसाच वापरलेला. इंग्रजीत या क्रियापदाला नेमका जोड नाही. इंग्रजीच्या दारातून गेलात तर आधी ‘हॉट’, मग ‘गॉरोम’, मग चूक, मग दुरुस्ती. मराठीतून थेट गेलात तर एका पावलात पोहोचता. झाल कानावर पडला की आपली झळ आणि झाळही आठवते.

(मिरच्यांचा ढीग. भाजीबाजार.)

मिरची इकडची नव्हे. अमेरिका खंडातली ही वनस्पती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर भारतात आली. आपण तिला मिऱ्यावरून नाव दिलं, पश्चिम बंगालनं ‘लंका’. गंमत अशी की इंग्रजीनं जी गल्लत केली, ती आपल्या नसाही करतात. मिरचीला तिखट करणारं कॅप्सेसिन हे द्रव्य नसांच्या टोकांवरच्या ज्या ग्राहकाला (रिसेप्टरला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं, तोच ग्राहक सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे उष्णतेनं उघडतो. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं तो १९९७ मध्ये शोधला. २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये या शोधाचा वाटा होता. नसेला फरक कळत नाही. बंगाली आणि मराठी जिभेनं तो शब्दात जपला.

(कोन्नगर, रिषडा, श्रीरामपूर. हुगळीकाठचं कॉलेज, पांढरे खांब.)

श्रीरामपूरला उतरायचं कारण विल्यम केरी हा इंग्रज मिशनरी. १८०० साली, डॅनिश अमलातल्या या गावात, त्यानं सहकाऱ्यांसह छापखाना घातला. कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवत असे. १८०५ मध्ये त्याचं मराठी व्याकरण निघालं, १८१० मध्ये मराठी कोश. तो मोडी अक्षरांत छापला होता आणि वैजनाथ पंडितांची त्याला मदत होती. मराठी शब्दांचा हा कोश या हुगळीच्या काठी जुळवला गेला, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे? बंगाली कोशाचे खंड त्यानंतर, १८१५ ते १८२५ दरम्यान.

याच काळात तो आणखी एक कोश रचत होता. अनेक भारतीय भाषांचे शब्द संस्कृतच्या आधारानं शेजारी शेजारी ठेवणारा. ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी छापखान्याला आग लागली. ते हस्तलिखित जळालं.

(नदीचं पाणी. काही क्षण निवेदन नाही.)

आज बंगालमधून उपचारासाठी मुंबईला माणसं येतात. ‘गा गॉरोम’ म्हणजे कणकण, एवढं तिथे कुणाला माहीत असलं तर बरं.

(श्रीरामपूर घाट. बोट पलीकडे बराकपूरला निघते. धक्क्यावर पुन्हा एक पत्र्याची पेटी, पुन्हा चमच्याचा आवाज.)

“झाल कॉम, ना बेशि?”

“बेशि.”