शनिवारचे दोन तास

(दृश्य : कौटुंबिक न्यायालयातली मुलांची खोली. भिंतीवर रंगवलेला हत्ती, कोपऱ्यात प्लास्टिकची घसरगुंडी.)

निवेदन :

सात वर्षांचा एक मुलगा बाकावर बसून नवा बूट घालू पाहतोय. टाच काही आत जात नाही. समोर उकिडवे बसलेले बाबा नाडी सैल करतात, पुन्हा ढकलून बघतात, मग खोक्यावरचा नंबर वाचतात. मागची भेट अडीच महिन्यांपूर्वी झाली होती. तेवढ्यात पाय वाढला.

दाराबाहेर आई बसलीय. मांडीवरच्या पिशवीत खाऊचा डबा, पाण्याची बाटली आणि तारखांची फाइल.

मधल्या भेटी झाल्या नाहीत, कारण पोटगी आली नव्हती. पोटगी आली नाही, कारण त्याआधी मुलाला भेटू दिलं नव्हतं. आधी कोण चुकलं, याची दोघांकडे दोन वेगळी उत्तरं आहेत. 'पैसे दे, मग मूल भेटेल', 'मूल भेटव, मग पैसे देतो' ही भाषा इथल्या व्हरांड्यात कानावर पडतच असते.

कायद्यात मात्र या दोन गोष्टींची अशी सांगड कुठेच घातलेली नाही. पैसे थकले तर वसुलीचा अर्ज करायचा. भेट नाकारली तर भेटीच्या आदेशाच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जायचं. एकीसाठी दुसरी अडवून धरली, की त्याची झळ मुलालाच बसते. पोटगी त्याच्या हक्काची, आणि बाबांचा सहवासही त्याच्याच हक्काचा.

(दृश्य : नागपूर. न्यायालयाच्या आवारातली सकाळची गर्दी.)

पोटगीच्या बाबतीत देशभर आज जी पद्धत आहे, तिची सुरुवात नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातल्या एका अर्जापासून झाली. मुलाच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत, जानेवारी 2013 मध्ये, आईने सासर सोडलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अर्ज केला. 2015 साली अंतरिम, म्हणजे खटला चालू असेपर्यंतची, पोटगी ठरली : मुलासाठी महिना 5,000 रुपये, पुढे 10,000. वडिलांनी आव्हान दिलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आदेश कायम ठेवला, आणि प्रकरण दिल्लीला गेलं. 4 नोव्हेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि सुभाष रेड्डी यांनी निकाल दिला. तान्हं बाळ तोवर शाळेत जायच्या वयाचं झालं होतं.

त्या निकालाने दोन गोष्टी पक्क्या केल्या. दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायची. आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची. खटला रेंगाळवून पैसे वाचवण्याची वाट त्यामुळे बंद झाली.

फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पोटगीचं जुनं कलम 125 आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 144 झालंय, 1 जुलै 2024 पासून. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा, असं त्यात म्हटलंय. महिना थकला तर त्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून थकबाकी फिटत नाही. वसुलीचा अर्ज मात्र रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. हे अनेक आयांना फार उशिरा कळतं, आणि हक्काचे पैसे हातचे जातात.

भेटीचं काय? मूल पाच वर्षांखालचं असेल तर ताबा सहसा आईकडे असतो. पण ताबा एकाकडे गेला म्हणून दुसऱ्याचं नातं संपत नाही. जानेवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की दूर राहणाऱ्या पालकाला रोज पाच-दहा मिनिटं तरी मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोलता यावं. आम्हाला ही पाच मिनिटं शनिवारच्या दोन तासांपेक्षाही मोलाची वाटतात. दात पडला, गृहपाठ राहिला, मांजरीला पिल्लं झाली, हे सांगायला शनिवारपर्यंत कोण थांबेल?

(दृश्य : पुन्हा मुलांची खोली. साडेचार वाजलेत.)

बाबांनी फाइलमधला एक कोरा कागद फरशीवर ठेवलाय. त्यावर मुलाचा पाय. पेन अंगठ्याभोवती फिरतं तसा तो गुदगुल्यांनी हसतोय. वहीत सही करायला आत आलेली आई क्षणभर थांबते.

"एक नंबर मोठाच घ्या," ती म्हणते. "दिवाळीपर्यंत पुन्हा लहान होईल."