एकाच जागी पडलेला चावा

नमस्कार श्रोतेहो.

रात्री दिवे मालवल्यावर मी टँकजवळून जरा घाईने गेलो, की काचेतून आवाज येतो. ढप्. बंद दारावर कुणी मुठीने हलकेच ठोकावं तसा. हा माझा एम्परर एंजलफिश. मोठे एंजल असा आवाज काढतात. अंगावर निळ्या-पिवळ्या रेघा, डोळ्यांवर काळी पट्टी, आणि समुद्रात लांबी 40 सेंटीमीटरपर्यंत. पिल्लू मात्र गडद निळं, त्यावर एकात एक पांढरी वर्तुळं. इतकं वेगळं, की पूर्वी ती निराळीच जात समजली जायची.

हा मासा प्रवाळांसोबत ठेवता येतो का? येतो. पण आधी माझी चूक सांगतो.

मी दुबईत राहतो. पहिलं पिल्लू आणलं तेव्हा टँकमध्ये ओपन ब्रेन कोरल नावाचा एक मांसल प्रवाळ होता. तळहाताएवढा, लाल-हिरवा, दुपारी फुगून उशीसारखा मऊ दिसायचा. एंजल त्याच्यापाशी आला, अंग कलतं करून एका डोळ्याने निरखलं आणि कडेला एक घास घेतला. कोरल मिटला, तासाभराने उघडला. मी फारसं मनावर घेतलं नाही. पुढच्या आठवड्यात तो नीट उघडेना. तिसऱ्या आठवड्यात कडेचं मांस सुटून पांढरा सांगाडा दिसायला लागला. तो कोरल गेला, आणि त्याची हळहळ मला अजून आहे.

नेमकं काय घडलं ते पुढे अमिरातीतल्याच फुजैराच्या समुद्रात कळलं. तिथे याचाच एक भाऊबंद राहतो, निळसर अंगाचा, कुशीवर पिवळा पट्टा असलेला. एका डाइव्हमध्ये मी अंतर राखून त्याच्या मागे राहिलो. स्पंजचा एक घास, चार हात पुढे जाऊन शेवाळाचा एक घास, पुन्हा पुढे. कुठेही मुक्काम नाही. टँकमध्ये पुढे जाणार कुठे? फिरून फिरून तो त्याच कोरलपाशी येतो. एक चावा कोरल सोसतो. तोच चावा, त्याच कडेला, दिवसातून पन्नास वेळा पडला तर त्याला झेपत नाही.

म्हणून मोठ्या एम्पररसाठी 800 लिटरहून लहान टँक मी कुणाला सुचवत नाही. खडक असे रचा की त्याला मागून, खालून, मधल्या भोकांतून दिवसभर हिंडता येईल. आणि त्याला उपाशी ठेवू नका. माझ्याकडे सकाळी नोरी असते, सुशीला गुंडाळतात ते वाळवलेलं शेवाळ. ते क्लिपला अडकवून ठेवायचं, म्हणजे तो येता-जाता टोचत राहतो. मग दिवसातून चार वेळा थोडं थोडं गोठवलेलं खाद्य: मायसिस म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, शिंपल्यांचं मांस, स्पंज मिसळलेल्या वड्या. एवढं खाणं घातलं की पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट चढतात, तेव्हा स्किमर, म्हणजे फेसाबरोबर पाण्यातली घाण बाहेर काढणारं यंत्र, टँकच्या मानाने दमदार हवा.

कोरलही विचार करून निवडा. लेदर कोरल या मऊ प्रवाळाच्या अंगात कडवट रसायनं असतात, त्यामुळे बहुतेक एंजल त्याच्या वाटेला जात नाहीत. ॲक्रोपोरा या टणक प्रवाळावर मांसाचा थर पातळ, त्यालाही सहसा धोका कमी. ब्रेन कोरल, झोअँथिड हे प्रवाळांचे मऊ नातलग, मोठे ट्रिडाक्ना शिंपले ही मांसल मंडळी मात्र याच्यासोबत ठेवू नका. ती हवीच असतील तर जेनिकँथस गटातले एंजल घ्या. ते पाण्यात तरंगणारं प्लवक खातात, कोरलला सहसा तोंड लावत नाहीत.

नवा मासा आधी महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवा. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध चालतं, पण तेच औषध कोरलला विष आहे. प्रवाळ असलेल्या टँकमध्ये ते घालता येत नाही.

भारतात ऐकणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. टणक प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणला गेलात, लक्षद्वीपला गेलात, तर वाळूत पडलेला मेलेला तुकडासुद्धा पिशवीत टाकू नका.

आणि मासा बाहेर काढायची वेळ आली तर? एंजलच्या गालावर एक तीक्ष्ण काटा असतो. जाळीत तो अडकतो आणि मासा जखमी होतो. म्हणून माझ्या टँकमध्ये सरकत्या दाराचा पारदर्शक डबा कायम बसवलेला आहे. सकाळचं पहिलं खाणं मी त्यातच देतो. एंजल आत येतो, खातो, निवांत बाहेर पडतो. त्या दाराची दोरी काचेबाहेर खिळ्याला बांधलेली आहे. अजून ती ओढावी लागलेली नाही.