जागा शिल्लक आहे, मग फाइल का जात नाही?

ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आज तिच्यापासूनच सुरुवात करतो. ‘सर्व्हरवर कित्येक टेराबाइट रिकामे दिसताहेत, तरी माझी फाइल सेव्ह होत नाही.’ तक्रार करणाऱ्याने डीएफ ही लिनक्सवर रिकामी जागा दाखवणारी कमांड चालवलेली असते आणि तिने दाखवलेला आकडा बरोबरच असतो. फक्त तो आकडा त्याचा नसतो, सगळ्यांचा असतो.

डीएफ सांगते अख्ख्या फाइल सिस्टिमची, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक साठ्याची, स्थिती. डीयू एका फोल्डरात उतरून एकेक फाइल मोजते. कोटा म्हणजे आखून दिलेली जागेची मर्यादा, आणि त्याच नावाची कमांड सांगते, तुमच्या नावावर किती जागा मांडलेली आहे, मग त्या फाइली कुठल्याही फोल्डरात का असेनात. सहकाऱ्याच्या फोल्डरात तुम्ही वर्षापूर्वी टाकलेली फाइल तुमच्याच खात्यावर चढते. आपल्या होम फोल्डरात कितीही डीयू चालवा, ती दिसणार नाही. काही ठिकाणी मर्यादा माणसाला न लावता फोल्डरला लावतात. तिथे हिशेब निराळा, म्हणून आपल्याकडे कुठली पद्धत आहे हे आधी विचारून घ्या.

कोटाचं उत्तर वाचायला शिकावं लागतं. आकडे बहुधा १०२४ बाइटच्या ब्लॉकमध्ये असतात. ५२४२८८०० दिसलं तर घाबरू नका, ते ५० गिबीबाइट आहेत. एस हा पर्याय जोडला की आकडे सुटसुटीत होतात. आकड्यापुढे तारा दिसला, तर मर्यादा ओलांडली आहे. मर्यादा दोन असतात. सॉफ्ट लिमिट ओलांडता येते, पण ठरावीक मुदतीपुरती. लिनक्सवर ही मुदत सहसा ७ दिवसांची असते. ती संपली की सॉफ्ट लिमिटच पक्की भिंत होते. हार्ड लिमिट मात्र क्षणभरही ओलांडता येत नाही. ही दुहेरी रचना १९८३च्या ४.२ बीएसडी या युनिक्स प्रणालीपासूनची आहे. तेव्हा मुदत दिवसांत मोजत नसत. लॉगिन करताना ताकीद मिळे आणि ताकिदी संपल्या की लिहिणं बंद. मला ही रचना फार समंजस वाटते. काम अर्ध्यावर असताना कुणाचा हात धरायचा नाही, पण आवरायला लावायचं.

नेटवर्कवर मात्र एक खाच आहे. एनएफएसमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या फाइली नेटवर्कवरून वापरायच्या व्यवस्थेत, कोट्याची चौकशी फाइलींच्या वाटेने जात नाही. त्यासाठी सर्व्हरवर आरकोटाडी नावाची वेगळी सेवा चालू असावी लागते. ती बंद असली किंवा फायरवॉलने अडवली, तर कोटा कमांड तुम्हाला काहीच उपयोगी सांगत नाही. उत्तर रिकामं आलं म्हणजे मर्यादा नाही, असं समजू नका.

दुसरी खाच माझ्या अंगावर आलेली आहे, म्हणून तिच्यावर थोडा रेंगाळतो. रात्रभर गणित चालवलं होतं. सकाळी प्रोग्रॅमने ‘पूर्ण’ असं छापलेलं, आणि निकालाची फाइल मध्येच तुटलेली. एनएफएसवर लिहिलेला मजकूर आधी तुमच्याच संगणकाच्या मेमरीत थांबतो आणि नंतर सर्व्हरकडे जातो. सर्व्हरने जागा नाकारली तरी ते कळतं फाइल बंद (क्लोज) करताना किंवा एफसिंक करताना, म्हणजे मजकूर लगेच साठवायला लावताना. माझा प्रोग्रॅम क्लोजचं उत्तर तपासतच नव्हता. तुमचे प्रोग्रॅम तपासतात का, हे आजच पाहा. आणि त्रुटी आली तर तिचे शब्द नीट वाचा. ‘डिस्क कोटा एक्सीडेड’ म्हणजे तुमची मर्यादा संपली. ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ म्हणजे सहसा सगळ्यांचीच जागा संपली, किंवा आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलीमागे लागणाऱ्या नोंदी, संपले. जागा उरलेली असतानाही आयनोड संपू शकतात. ते पाहायला डीएफला आय हा पर्याय द्या. कोट्यातही फाइलींच्या संख्येची वेगळी मर्यादा असू शकते. लाखभर चिमुकल्या फाइलींचा फोल्डर टार या कमांडने बांधून एक फाइल केलीत आणि मूळ फाइली पुसल्यात, तर तीही अडचण सुटते.

आकडे जुळत नाहीत, तेव्हा शोध कुठे घ्यायचा? पहिल्यांदा लपलेल्या फाइली. डीयूपुढे नुसतं तारांकन दिलं तर टिंबाने सुरू होणारी नावं गळतात, आणि कॅश, म्हणजे प्रोग्रॅमांनी तात्पुरत्या ठेवलेल्या फाइली, नेमकी तिथेच साठते. उघडी असलेली फाइल तिथूनच पुसली, तर एनएफएस तिला टिंब-एनएफएसने सुरू होणारं नाव देऊन ठेवतं. ती धरून बसलेला प्रोग्रॅम सोडेपर्यंत जागा सुटत नाही. ती हाताने पुसण्यापेक्षा तो प्रोग्रॅम शोधा. स्पार्स, म्हणजे आत पोकळ भाग असलेल्या, फाइलीचं उलटं: फाइलींची यादी देणारी एलएस मोठा आकार दाखवते, डीयू छोटा, कारण पोकळ भागांना डिस्कवर जागाच लागत नाही.

आणि एक कळकळीची विनंती. प्रचंड फोल्डरावर डीयू वारंवार चालवू नका. प्रत्येक फाइलीसाठी सर्व्हरला विचारावं लागतं आणि त्याचा भार सगळ्यांवर पडतो. लस्टरसारख्या मोठ्या सामायिक फाइल यंत्रणेवर एलएफएस कोटा ही कमांड हेच उत्तर क्षणात देते, कारण तिथे बेरीज आधीच मांडलेली असते. डीयू लागलीच, तर वर्दळ कमी असताना एकदा चालवा आणि निकाल स्थानिक डिस्कवर ठेवा. कोटा भरलेल्या होम फोल्डरात तो मावणार नाही. वाढीव जागा मागाल तेव्हा कोटा आणि डीयूचे आकडे, फाइलींची संख्या आणि त्रुटीचे नेमके शब्द अर्जासोबतच पाठवा. प्रशासकाला आधी तेच विचारायचं असतं.