हसी कस, ओण कस

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या बेळगावात गल्लीत कचऱ्याची गाडी येते, तिच्यावर कन्नडमध्ये लिहिलेलं असतं, हसी कस, ओण कस. ओला कचरा, सुका कचरा. कन्नडमध्ये कस म्हणजे कचरा, आणि आपल्या मराठीत कस म्हणजे जमिनीची ताकद. माझी आई वडगावच्या शिवारात भात करते. "रानात कस राहिला नाही गं," असं ती म्हणते, तेव्हा मला दोन्ही भाषा एकदम ऐकू येतात.

हे रान बळ्ळारी नाल्याच्या काठचं. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर. बेळगावचा बासमती म्हणतात तो या पट्ट्यातला. पाऊस लागून राहिला की गाळानं भरलेला नाला पात्र सोडतो आणि शहरानं टाकलेलं सगळं घेऊन भातात शिरतो. २०१९ च्या ऑगस्टात पाणी उतरल्यावर आम्ही रानात गेलो. रोपं कुजून आडवी झालेली, बुडख्यांना पिशव्या गुंडाळलेल्या. मोठ्या पिशव्या ओढल्या की निघायच्या. निघत नव्हते ते दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, नखाएवढे. आई चिखलात वाकून एकेक वेचत होती. अजूनही नांगरताना ते वर येतात. म्हणून हात जोडून सांगते, पिशवी कापताना कोपरा पुरता तोडू नका, पिशवीलाच लटकता राहू दे.

प्लॅस्टिक निदान डोळ्यांना दिसतं. शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास असतो तो ओला कचरा. डेपोतल्या ढिगाखाली तो दबला, हवा मिळेनाशी झाली, की कुजताना मिथेन वायू सोडतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवून ठेवतो. आपला कचरा तुरमुरी गावच्या डेपोत जातो. त्याचा वास कसा असतो, ते तिथल्या माणसांना विचारा.

पाणी तुंबलेल्या भातातूनही मिथेन निघतो, हे मी शेतकऱ्याची मुलगी असून लपवणार नाही. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत शंभराहून अधिक देशांनी २०३० पर्यंत मिथेन ३० टक्क्यांनी घटवण्याचं ठरवलं. भारत त्यात गेला नाही. भातावर आणि जनावरांवर जगणाऱ्या लहान शेतकऱ्यांची काळजी त्यामागं होती, आणि मला ती पटते. भाताचा मिथेन पोटासाठी आहे. पण कांद्याच्या सालीचा मिथेन कुणाच्या पोटासाठी?

ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करायचा, हा २०१६ पासून नियमच आहे. पण ओला कचरा गाडीपर्यंत जायलाच कशाला हवा? आमच्या परड्यात एक तडा गेलेला माठ आहे. बुडाला भोकं पाडली, तळाशी नारळाच्या शेंड्या घातल्या. भाजीची देठं, साली, चहाचा चोथा, आणि दरवेळी वर मूठभर सुका पाला. अधूनमधून आंबट ताकाचा हबका. वास मारायला लागला तर ओल जास्त झाली समजायचं आणि पाला वाढवायचा. दोन-अडीच महिन्यांत काळं, भुरभुरीत खत होतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना झाकणाची बादलीही चालते.

गेल्या मिरगाआधी आईनं ते खत रोपाच्या वाफ्यात पसरलं. यंदा तिनं आणखी दोन माठ मागून घेतलेत. तुमच्याकडं फुटका माठ असेल तर टाकू नका, उद्याच्या भाजीची देठं त्यातच पडू देत.

नमस्कार.